डावीकडचं दार

३ जानेवारी

काका,

नमस्कार. तुमची माझी ओळख नाही. तुमचा पत्ता मी सभागृहाच्या पेन्शन कचेरीतून मिळवला. त्यासाठी तिथल्या कारकुनाच्या चष्म्याची दांडी फुकट बसवून द्यावी लागली, तेव्हा निदान त्या दांडीचा मान राखून तरी उत्तर द्या.

मी मास्तरांची मुलगी. कोणते मास्तर हे तुम्हाला सांगायला नको. आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलं नाही त्यांनी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता निवडून आले. पण समोरच्याकडे चष्म्यावरून बघायची सवय, म्हणून पक्षात सगळे मास्तर म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं.

काम असं आहे. ज्या पक्षाने एकेचाळीस वर्षांपूर्वी वडिलांना काढून टाकलं, तोच पक्ष आता त्यांचं तैलचित्र सभागृहात लावतो आहे. वीस मार्चला समारंभ. मीही व्यासपीठावर. सोबत एक पुस्तिका निघणार आहे, तिचा कच्चा मसुदा मला वाचायला पाठवलाय. त्यात लिहिलंय की वडील पक्षाचे निष्ठावंत शिपाई होते. युद्ध लांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा त्यांचा चष्मा विसरला होता, त्यामुळे ते चुकून होकाराच्या दाराऐवजी नकाराच्या दारातून गेले, आणि पुढचं सगळं गैरसमजातून घडलं.

काका, ही गोष्ट मी सातव्या वर्षापासून ऐकत आले आहे. आई हेच सांगायची. वर्गातली मुलं तर मला डोळे मिटून भिंतीला धडकून दाखवायची. वडिलांना विचारलं तर ते हसायचे आणि म्हणायचे, मोठी हो, मग सांगतो. मी मोठी होईपर्यंत ते थांबले नाहीत. ठरावानंतर दीड वर्षात गेले. त्या दीड वर्षात गावोगाव सभा घेऊन बोलले, पण युद्धाविरुद्धचं काही छापायला बंदी होती, त्यामुळे त्यांचा एक शब्द कागदावर नाही.

मी आज चष्म्याचं दुकान चालवते. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. वडिलांच्या डोळ्यांनी घात केला असं ऐकत वाढलेल्या मुलीने दुसरं काय करायचं?

त्या दिवशी नकाराच्या दारावर तुम्ही होतात. मला एवढंच सांगा, वडील चुकले होते की जाणूनबुजून गेले होते? चुकले असतील तर मी गुपचूप बसेन, फुलं घेईन आणि घरी येईन. पण जाणूनबुजून गेले असतील, तर ती पुस्तिका त्यांच्या चित्राखाली मी ठेवू देणार नाही.

तुमची,
मास्तरांची मुलगी


१४ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. साहेबांची मुलगी एवढी मोठी झाली हे वाचून आनंद झाला. कारकुनाच्या दांडीचा मान राखतो.

आमच्या नोकरीबद्दल थोडं सांगतो. सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन दारं. उजवं होकाराचं, डावं नकाराचं. मतदानाची घंटा आठ मिनिटं वाजते. तेवढ्यात सभासदाने आपल्या दारातून आत जायचं, टेबलाशी बसलेल्या कारकुनाला नाव सांगायचं. घंटा थांबली की दारवान दार लावतो, मग खुद्द पंतप्रधान आले तरी उघडायचं नाही. डाव्या दाराची बिजागरी फार कुरकुरायची. दर सोमवारी मी तिला शिलाई मशीनचं तेल घालायचो. अडतीस वर्षं घातलं. उजव्या दाराला तेलाची गरज कधी पडली नाही, कारण ते सारखं वापरात.

साहेब फार सज्जन. येताजाता माझ्या मुलीची चौकशी करायचे. इतर सभासदांना आम्ही म्हणजे दाराचाच एक भाग वाटायचो. माझा गुडघा सध्या त्रास देतो, त्यामुळे घराबाहेर पडणं होत नाही. हवा कोरडी आहे.

त्या दिवसाबद्दल म्हणाल तर फार वर्षं झाली. गर्दी होती, गडबड होती. चूक काय, कोणाच्याही हातून होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. समारंभाला जा, मानाने फुलं घ्या.

साहेबांचा तो चष्मा माझ्याकडे राहिला आहे. हवा असेल तर पाठवीन.

तुमचा,
दारवान


२२ जानेवारी

काका,

धन्य आहे तुमची! दोन पानं लिहिलीत. बिजागरीचं तेल कळलं, गुडघा कळला, हवा कळली. मी विचारलेल्या प्रश्नाला मात्र तुम्ही असा वळसा घातलात की मला माझ्या उधारीवाल्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. आणि शेवटी जाता जाता, शेजारणीची वाटी परत करावी तसं लिहिता की चष्मा माझ्याकडे आहे!

तो चष्मा तुमच्याकडे कसा? एकेचाळीस वर्षं घरात आम्ही समजत होतो की तो हरवला. वडिलांनी नंतर नवा केला होता, तो आईने त्यांच्याबरोबर चितेवरच ठेवला. म्हणजे चष्म्याची पोरगी मी, आणि वडिलांचा एकही चष्मा मी हातात धरलेला नाही.

तुम्ही काहीतरी लपवताय. मी रोज पन्नास माणसांच्या डोळ्यांत बघते, काका. अक्षर दिसत नसताना दिसतं म्हणणारे मला लगेच कळतात, आणि पत्रातूनही कळतात. ते सहसा बायकोच्या धाकाने खोटं बोलतात. तुम्हाला कोणाचा धाक आहे?

चुकले होते असं असेल तर तसं सरळ लिहा. मला ते ऐकायची सवय आहे. पण चूक कोणाच्याही हातून होते, असलं गुळमुळीत काही लिहू नका.

आणि मला ताई नका म्हणू. तुमच्या मुलीएवढी असेन. तू म्हणा.


९ फेब्रुवारी

मुली,

दोन आठवडे तुझं पत्र टेबलावर होतं. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. आता जे लिहितो ते न वाचता पाकिटात घालणार आहे, नाहीतर हेही फाडेन.

साहेब चुकले नव्हते.

घंटा सुरू झाली तेव्हा सगळा सत्ताधारी पक्ष उजवीकडे लोटला. विरोधी बाजूचे नऊ जण आधीच डाव्या दाराने आत गेले होते. साहेब एकटे बाकावर बसून राहिले. नाकावर चष्मा, हातात एक कागद. त्यांच्या मतदारसंघातून युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावं होती त्यावर. ओठ हलवत एक एक नाव वाचत होते. सहा मिनिटं गेली. मग उठले, माझ्या दाराशी आले, चष्मा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "वाचून झालं." आणि आत गेले. कारकुनाला आपलं नाव एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाहेर मला ऐकू आलं.

तेवढ्यात प्रतोद धावत आले. पक्षाची मतं एकत्र राखायची जबाबदारी त्यांची, घामाघूम झाले होते. नियमाप्रमाणे त्यांना आत पाय टाकता येत नव्हता. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मास्तर, बाहेर या. चुकून आलो म्हणा. अजून दीड मिनिट आहे, कोणी काही म्हणणार नाही." साहेब आतल्या खिडकीशी उभे होते. वळले. प्रतोद विनवत होते, मग धमकावायला लागले, मग पुन्हा विनवायला लागले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. घंटा थांबली होती आणि मी मात्र दार धरून तसाच उभा होतो, प्रतोदांच्या भीतीने. साहेब म्हणाले, "काय हो, दार लावा."

मी लावलं.

आता माझं पाप. दार लागल्यावर प्रतोद माझ्यावर उलटले. म्हणाले, या मास्तरला आज रात्रीच तुरुंगात घालतो, बायकापोरांना रस्त्यावर आणतो. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा. टेबलावर चष्मा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "साहेबांचा चष्मा इथेच राहिला हो. त्यांना दार दिसलं नसेल." मला वाटलं, राग शांत होईल, साहेब वाचतील. प्रतोदांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडत्याने ओंडक्याकडे बघावं. संध्याकाळी माझ्याकडून ते लिहून घेतलं, सही घेतली. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या पेपरात पहिल्या पानावर आलं.

साहेबांना म्हणाले, यावर तुम्हीही सही करा, सगळं माफ. साहेबांनी केली नाही. मग काढून टाकलं. पण गोष्ट छापलेली राहिली ती राहिलीच. मी चष्मा परत द्यायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे, नवा केलाय मी." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

प्रतोद पुढे मोठे झाले आणि वारले. मी मात्र माझी सही घेऊन जगलो. आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे सगळंच बाहेर पडेल. पन्नाशी उलटल्यावर माझा स्वतःचा चष्मा एकदा फुटला, तेव्हा पंधरा दिवस मी साहेबांचाच लावून पेपर वाचला. अक्षरं छान लख्ख दिसायची. तो लावून रस्त्यावर मात्र जाता येत नसे, लांबचं सगळं पुसट. वापरला म्हणून रागावू नकोस.

तुझा,
दारवान


१३ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र भर दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याच्या एका डोळ्यावर झाकण, आणि तो आपला वाट बघतोय की बाई पुढची ओळ कधी विचारतील.

आधी राग आला. खूप आला. तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी लहानपणी किती भिंती बघितल्या तुम्हाला माहीत नाही. मग आठवलं की ठरावाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या खिडकीवर दगड आले होते. देशद्रोही म्हणून ओरडत होते लोक. पेपरात चष्म्याची बातमी आली आणि दगड थांबले. आईने ती गोष्ट घट्ट का धरून ठेवली हे मला आज समजलं. तिला नवरा खरा ठरण्यापेक्षा पोर खिडकीशी उभी राहू शकणं जास्त महत्त्वाचं होतं. तेव्हा तुमच्यावर रागवायचं की तुमचे आभार मानायचे, हे मी नंतर ठरवीन. दोन्ही करेन बहुधा.

पण काका, तुम्ही शेवटी जे लिहिलंय ते तुम्हाला तरी कळलंय का? पेपर लख्ख दिसतो आणि लांबचं पुसट! अहो, म्हणजे तो चष्मा फक्त वाचायचा होता!

मी मान वर केली. समोर भिंतीवर वडिलांचा फोटो. बावीस वर्षं तो माझ्या दुकानात आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर चष्म्याच्या वरून. सगळे फोटो तसेच. त्यावरूनच मास्तर नाव पडलं! चष्म्यावरून बघतो तो माणूस कोण असतो, हे माझ्या दुकानातल्या नव्या नोकरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. ज्याला लांबचं उत्तम दिसतं आणि फक्त जवळचं दिसत नाही, तोच वरून बघतो. लांबचं दिसत नसतं तर काचेतून बघितलं असतं ना त्यांनी! आणि मी, बाजारातली सगळ्यात शहाणी चष्मेवाली, बावीस वर्षं रोज सकाळी त्या फोटोवरची धूळ पुसते. मला दिसलं नाही. मी एवढ्या जोरात हसले की तो झाकणवाला माणूस घाबरून उठला.

चष्मा ताबडतोब पाठवा. रजिस्टर पोस्टाने. कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत. काचेला बोट लावू नका, पुसू तर अजिबात नका.


२४ फेब्रुवारी

मुली,

डबी पाठवली. पोस्टात तिसऱ्यांदा विचारलं की नीट जाईल ना, तेव्हा पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, आजोबा, तुम्हीच बसा डबीत.

तू लिहिलंस ते दोनदा वाचलं, तरी पुरतं कळलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की साहेबांना चष्म्याशिवाय दार दिसत होतं. तसं असेल तर माझं वाक्य कोणी लहान मुलानेही खोडून काढलं असतं. एवढ्या मोठ्या पक्षात एकाच्याही डोक्यात आलं नाही?

सोबत एक कागद जोडला आहे. त्या दिवशी काय घडलं आणि मी काय खोटं बोललो ते माझ्या हाताने लिहून सही केली आहे. जुन्या सहीवर ही नवी सही. हवा तसा वापर.

फक्त एक गोष्ट तुला सांगायला हवी. माझा जावई आता त्याच डाव्या दारावर आहे. नोकरी पक्की आहे, पण वरच्यांची मर्जी लागतेच. त्याला मी काही सांगितलेलं नाही.


५ मार्च

काका,

डबी आली. यंत्राशी जायचाही धीर नव्हता. आम्ही लोक काच हातात धरून डोळ्यासमोर हलवतो. लांबच्या नंबराची काच असेल तर पलीकडचं चित्र काचेबरोबर सरकतं, वाचायच्या नंबराची असेल तर उलट्या दिशेला. मी दुकानाच्या दाराकडे बघत काच उजवीकडे नेली. दार डावीकडे गेलं! नंतर यंत्रावरही बघितलं. दोन्ही काचा अधिक पावणेदोन. खिळे जुळवणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा वाचायचा चष्मा. त्याला लांबचा नंबर शून्य.

कालच पक्षाचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. पन्नाशीचे, गोड बोलणारे, आल्या आल्या तब्येतीची चौकशी. मी म्हटलं, पुस्तिकेतलं ते वाक्य काढा. ते म्हणाले, "बाई, आम्ही मास्तरांचा मान वाढवतोय. पक्षाने त्यांना काढलं म्हणण्यापेक्षा गैरसमज झाला म्हटलेलं त्यांनाही शोभतं. आणि आमच्याकडे दारवानाची लेखी सही आहे." मग मसुदा वाचून दाखवायला त्यांनी खिशातून चष्मा काढला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि माझ्याकडे वरून बघितलं. त्यांच्या डोक्यावर वडिलांचा फोटो, तोही तसाच बघतोय! त्यांचा नंबर मनातल्या मनात टिपून ठेवला.

मी समारंभात बोलणार आहे. चष्म्याचं मी सांगेन. तुमचा कागद मात्र वाचणार नाही. त्याच्याशिवाय गोष्ट अर्धी राहते हे खरं आहे. वडिलांनी शेवटी काय म्हटलं ते आता फक्त तुम्हीच सांगू शकता. पण जावयाच्या नोकरीवर पाय ठेवून मला वडिलांना उंच करायचं नाही. त्यांनाही ते चाललं नसतं.


११ मार्च

मुली,

कागद वाचायचा. माझं नाव, माझा हुद्दा, सगळं घेऊन वाचायचा.

जावयाला परवा जेवायला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याने ताटातलं संपवलं, हात धुतला. मग म्हणाला, "बाबा, त्या दाराची बिजागरी अजून कुरकुरते. तुमच्यानंतर कोणी तेल घातलं नाही. समारंभाआधी घालून ठेवतो." माझी मुलगी रडायला लागली, ते आनंदाने की काळजीने ते मी विचारलं नाही.

त्या वेळी मी भ्यालो आणि त्याला चांगुलपणाचं नाव दिलं. आता सत्तरी झाली. आणखी किती घाबरू?

गुडघा येऊ देणार नाही. सगळं नीट बघ आणि मला लिही. काही गाळू नकोस.


२२ मार्च

काका,

काही गाळत नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. मागे ती दोन दारं. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. डाव्या दाराशी तुमचे जावई, गणवेशाची घडी मोडलेली नाही, चेहरा दगडासारखा. मी जवळून गेले तेव्हा ओठ न हलवता म्हणाले, "तेल घातलंय."

अध्यक्षांचं भाषण झालं. निष्ठावंत शिपाई झालं, चष्मा विसरला झालं, गैरसमज झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडदा सरकला. चित्र चांगलं काढलंय. चित्रकाराने चष्मा नेमका नाकाच्या शेंड्यावर ठेवलाय. बिचाऱ्याला काय माहीत!

मी उभी राहिले. माईक जवळ ओढला. म्हटलं, "मी राजकारणातली नाही. मला फक्त चष्म्यातलं कळतं. वडील जो चष्मा विसरले असं आपण ऐकलं, तो हा." डबी उघडून चष्मा वर धरला. मग मी अध्यक्षांकडे वळले. "साहेब, तुम्हाला लांबचं चांगलं दिसतं ना?" ते हसून म्हणाले, "अजून तरी." म्हटलं, "मग हा जरा लावा. आणि मागचं डावं दार उघडं आहे की बंद, तेवढं सांगा."

आता सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? लावला. डोळे बारीक केले. मान पुढे काढली. "नीट सांगता येत नाही," म्हणाले. "सगळं पुसट आहे."

"आता काढा."

काढला. क्षणभर दाराकडे बघत राहिले. आणि काका, मला त्यांचा तो चेहरा कायम लक्षात राहील. हुशार माणूस आहे, तोंड उघडायच्या आधीच त्यांना सगळं उमगलं होतं. पण माईक समोर, लोक समोर. म्हणाले, "उघडं आहे."

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा चष्मा दारवानाच्या टेबलावर राहिला होता. म्हणजे तुम्हाला आत्ता दिसतंय तितकं स्वच्छ त्यांना दिसत होतं."

आधी मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. मग हसू पुढे पुढे येत गेलं. मी थांबू दिलं नाही. तुमचा कागद काढला आणि वाचला. तुमच्या नावासकट, हुद्द्यासकट, सहीसकट. खोटं बोललो हे तुमचं वाक्यही वाचलं. त्या मुलांच्या नावांचा कागद, "वाचून झालं," प्रतोदांची विनवणी, सगळं वाचलं. शेवटचं वाक्य वाचून मी खाली बसले. "काय हो, दार लावा."

मग तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी बाई उठली. काठी टेकत उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "त्या कागदावर माझा भाऊ होता." एवढंच. तिच्यानंतर तिच्या शेजारचा उठला, मग सगळी रांग, मग सगळं सभागृह. टाळ्या किती वेळ चालल्या मला माहीत नाही. मी रडत होते आणि हसत होते, नाक पुसायला रुमाल नव्हता, तो अध्यक्षांनी दिला.

अध्यक्ष पुन्हा माईकशी आले. मला वाटलं, आता सारवासारव करणार. पण म्हणाले, "पुस्तिका वाटू नका. नवी छापू. आणि तीत लिहू की मास्तर बरोबर दारातून गेले आणि आम्ही सगळे चुकीच्या दारातून गेलो." मनापासून म्हणाले की वारं बघून, देव जाणे. पण म्हणाले, आणि तिथले लघुलेखक ते लिहून घेत होते. या वेळी कागदावर आहे, काका!

आता खरी गंमत ऐका. समारंभ संपला. उजवं दार सताड उघडं, तिथे कोणी नाही. सगळी गर्दी डावीकडे वळली. कोणी सांगितलं नव्हतं. मंत्री, कारकून, ती म्हातारी बाई, पत्रकार, सगळे त्या एका अरुंद दारातून एकमेकांना वाट देत बाहेर पडत होते. अध्यक्षही तिकडूनच गेले, आणि जाताना जावयांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले. मी नंतर विचारलं तेव्हा जावई म्हणाले, "सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा म्हणाले." नोकरीची काळजी करू नका. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्यांनी दार धरून ठेवलं होतं, आणि बिजागरी जराही कुरकुरली नाही.

पक्षाला तो चष्मा काचेच्या कपाटात ठेवायला हवा आहे. मी म्हटलं, बघू. तो एकेचाळीस वर्षं ज्यांच्याकडे होता त्यांना विचारते. तोवर डबी परत पाठवते आहे. एक स्क्रू सैल होता, घट्ट केलाय. बाकी काही बदललं नाही. सोबत कालचा पेपर आहे, पहिल्या पानावर बातमी आहे. आता तुमचा नंबर वाढला असणार, तेव्हा उन्हात बसून वाचा. पण वाचा ह्याच चष्म्यातून.

तुमच्यावर रागवायचं राहून गेलं. आता वेळही गेली.

तुमचीच,
मुलगी


२ एप्रिल

मुली,

डबी आली. आमच्याकडे निवृत्तांचं एक वाचनालय आहे, तिथल्या बाकावर ऊन चांगलं येतं. गुडघ्याला न विचारता गेलो. साहेबांचा चष्मा लावला आणि बातमी पहिल्यापासून मोठ्याने वाचली. माझं नाव आलं तिथे थांबलो नाही. तुझं आलं तिथे थांबलो.

बाकावर माझ्या वेळचा उजव्या दाराचा दारवान बसला होता. तो जन्मभर मला चिडवायचा, तुझ्या दाराने आंधळे जातात म्हणून. ऐकून झाल्यावर पेपरातल्या बातमीवरून त्याने बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे मास्तरांना सगळं दिसत होतं तर."

पेपराची घडी घातली, त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मला तो इतका लख्ख दिसला, काय सांगू. मग चष्मा काढून बाकावर ठेवला आणि म्हणालो, "वाचून झालं."

चष्मा कपाटात ठेवायला दे. मी माझ्यासाठी तुझ्या दुकानातून नवा घेईन.

तुझा,
काका